गर्भपातानंतर दुखावलेल्यांना मंडळीत आसरा: पाळक, पंच आणि महिला मंडळासाठी

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये 'गर्भपात' हा शब्द सहसा कुणी उच्चारत नाही. 'तिचं क्युरेटिंग झालं', 'पिशवी साफ करून घेतली', 'दिवस गेले होते, पण राहिलं नाही' असं म्हटलं जातं आणि ऐकणारीही पुढे विचारत नाही. या शब्दांची एक सोय आहे. आपोआप पडलेला गर्भ आणि पाडलेला गर्भ, दोन्ही त्यांच्या आड लपतात. महिला मंडळात इतकी वर्षं बसल्यावर आता मला बाई वाक्यात कुठे थांबते, त्यावरून थोडंफार कळतं. थांबल्यावर ती पुढे हमखास म्हणते, "चर्चमध्ये कुणाला सांगू नका हं."

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. दुःख हलकं करायचे मार्ग बरेच आहेत, पण जिथे सांगायचीच भीती वाटते तिथे त्यातला एकही चालत नाही. म्हणून या लेखात आधी मंडळीचं तोंड येईल आणि मग तिचं दुःख. गर्भातल्या जीवाबद्दल तुमच्या मंडळीची जी शिकवण असेल ती बदला, असं मी म्हणत नाही. ती शिकवण उराशी धरून जी बाई बाकावर बसली आहे, तिचं काय करायचं एवढाच प्रश्न आहे.

आधी डोक्यातलं चित्र पुसा

गर्भपात म्हटलं की मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आपल्या पंचांच्या डोळ्यांसमोर कॉलेजातली, वाट चुकलेली मुलगी येते. ती असते, पण ती एकटीच नसते. दोन लेकरं झालेली, साधन फसलेली, तिसऱ्याची फी कुठून भरायची या विवंचनेतली चाळिशीकडे झुकलेली बाई असते. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत किंवा हृदयात मोठं व्यंग दिसलं म्हणून, नावसुद्धा ठरलेलं बाळ सोडून द्यावं लागलेली आई असते. आईने रातोरात दुसऱ्या शहरात नेऊन 'मोकळी' केलेली आणि सहा महिन्यांत लग्न लावून दिलेली मुलगी असते. आणि जिला कुणी काही विचारलंच नाही, सासूने आणि नवऱ्याने परस्पर ठरवलं, अशी सूनही असते.

भारतात २०१५ या एका वर्षात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज २०१८ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले जवळपास तीन-चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले होते. या दुसऱ्या आकड्यापाशी पाळकांनी जरा थांबावं. त्याचा अर्थ असा की बऱ्याच बायका त्या रात्री घरच्या बाथरूममध्ये एकट्या होत्या. शेजारी डॉक्टर नव्हता, नर्स नव्हती, कुणी हात धरायला नव्हतं. काही वर्षांनी ती रडते तेव्हा ते रडणं त्या एकटेपणाचंही असतं, आणि आपण मात्र थेट पापाची चर्चा सुरू करतो.

कायद्याबद्दलही पंचांमध्ये गोंधळ असतो. १९७१ च्या कायद्याने भारतात ठरावीक कारणांसाठी डॉक्टरांकडून करून घेतलेला गर्भपात गुन्हा नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, आणि काही विशिष्ट स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं लागतं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तेव्हा 'तिने गुन्हा केला' हे वाक्य पंचांच्या बैठकीत कुणी बोललं तर तिथल्या तिथे थांबवा.

आणखी एक सांगते, कारण आपल्या वर्तुळात याची उलटी अतिशयोक्ती चालते. प्रत्येक बाई गर्भपातानंतर मोडून पडते, हे खरं नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या समितीने २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले. नको असलेली गर्भधारणा झालेल्या सज्ञान स्त्रीने पहिल्या तीन महिन्यांत एकदा गर्भपात केला, तर तिला मानसिक आजाराचा धोका मूल जन्माला घालणाऱ्या स्त्रीपेक्षा जास्त नसतो, असा तिचा निष्कर्ष होता. त्रास कुणाला जास्त होतो, तेही त्या अहवालात आहे: ज्यांना मूल हवं होतं, ज्यांच्यावर दबाव आला, ज्यांना लपवाछपवी करावी लागली, ज्यांच्या पाठीशी कुणी नव्हतं, ज्यांना आधीपासून मनाचा आजार होता. ही यादी दोनदा वाचा. लपवाछपवी आणि पाठीशी कुणी नसणं, या दोन गोष्टी थेट मंडळीच्या हातातल्या आहेत. जिला त्रास होत नाही तिला 'तुला व्हायलाच हवा' असं पटवत बसणं हे पाळकीय काम नव्हे.

पहिलं काम: तोंडाला कुलूप

आपल्या मंडळ्या लहान असतात आणि निम्मे लोक एकमेकांचे नातेवाईक. अहिल्यानगरची भाची सोलापूरला दिलेली, सोलापूरचा दीर पुण्यात. बातमी एका रविवारात तीन जिल्हे फिरून येते, आणि ती चुगली म्हणून जात नाही, प्रार्थनेची विनंती म्हणून जाते. "एका बहिणीसाठी प्रार्थना करा. नाव घेत नाही, पण घरात मोठं संकट आलंय, नवरा बँकेत आहे, गेल्या महिन्यातच बदली झालीय." झालं! नाव सोडून सगळं सांगून झालं.

म्हणून पहिल्याच बैठकीत हे ठरवून टाका. या विषयावरची कोणतीही विनंती घरप्रार्थनेत, महिला मंडळात किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार नाही, निनावीसुद्धा नाही. बाईने जिला सांगितलं ते तिच्यापाशीच राहील. पाळकांनाही तिच्या परवानगीशिवाय कळणार नाही, आणि पाळकांना सांगितलं असेल तर ते पाळकीणबाईंना कळणार नाही. (हे शेवटचं लिहिताना मला काही चेहरे आठवले.) पंचांच्या इतिवृत्तात नोंद नाही, वहीत नाव नाही. दवाखान्याचा खर्च मंडळीच्या गरीब निधीतून दिला तर 'वैद्यकीय मदत' एवढंच लिहायचं.

गर्भपाताच्या त्याच १९७१ च्या कायद्यानुसार डॉक्टरने अशा स्त्रीचं नाव अनधिकृत व्यक्तीला सांगितलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाळकाला तशी शिक्षा नाही, म्हणून मंडळीने ढिलं राहायचं का? कॅथलिक धर्मगुरूला तर पापनिवेदनात ऐकलेलं कुणाही पुढे, कोणत्याही कारणाने उघड करता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये तसा संस्कार नाही, म्हणून आपल्याला नियम हाताने करावा लागतो.

आता व्यवहाराची बाब. तिच्या घरी अचानक भेटीला जाऊ नका. कधीच न आलेल्या पाळकीणबाई मंगळवारी दुपारी दारात उभ्या राहिल्या की सासू विचारणारच, "आज इकडे कशा?" तिचा फोन नवरा किंवा मुलगा बघतो का, ते आधी विचारा. मेसेजमध्ये विषय लिहू नका, 'कशी आहेस' पुरतं. भेटायची जागा तिला ठरवू द्या.

दोन-तीन ठिकाणी मात्र गुप्तता पाळता येत नाही, आणि ते ऐकण्याआधी सांगायला हवं, ऐकून झाल्यावर नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ही बाब कळलेल्या कुणालाही पोलिसांना कळवावं लागतं. त्यात पाळकही आले, संडे स्कूलच्या टीचरही आल्या. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 'मुलीची बदनामी नको' म्हणून चर्चमध्येच मिटवायचं, मुलाला बोलावून माफी मागायला लावायची, ही जुनी पद्धत आता बेकायदा आहे, आणि ती मुलीच्या बाजूची कधीच नव्हती. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे. जीव द्यायची भाषा किंवा घरात मारहाण असेल तरीही एकट्याने ओझं वाहू नका. महिलांसाठी १८१ आहे. सुरुवातीलाच म्हणा, "तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील. फक्त तुझ्या जिवाला किंवा एखाद्या लहान मुलीला धोका असेल, तर मला मदत आणावी लागेल, आणि तेही तुला सांगूनच आणीन."

ऐकणारी माणसं निवडा

सगळ्या मंडळीला प्रशिक्षण देण्याच्या भानगडीत पडू नका. दोन बायका आणि एक पुरुष पुरतात. पाळकीणबाई आपोआप त्यात याव्यात असं नाही. कित्येक बायकांना त्यांच्यापाशी बोलायचं नसतं, कारण रविवारी त्यांच्याकडे बघत बसायचं असतं. जास्त प्रार्थना करणारी बाई निवडू नका, कमी बोलणारी निवडा. जिच्याकडून गेल्या पाच वर्षांत कुणाचीच बातमी तुम्हाला कळली नाही, ती बरोबर बाई. निवृत्त नर्स असेल तर फार उत्तम. आपल्या समाजात नर्स आणि शिक्षिका घरटी एक सापडते, त्या भांडवलाचा उपयोग करा.

पाळक पुरुष असतील तर त्यांनी अशा बाईशी बंद दाराआड एकट्याने बोलू नये. दार उघडं असावं, निवडलेली बहीण सोबत असावी.

या तिघांनी आधी स्वतःच्या मनातलं एकमेकांसमोर काढावं. त्यांच्यातल्या कुणाच्या घरात हे घडलं असेल, आणि असण्याची शक्यता बरीच आहे, तर ते दुखणं मोकळं न करता दुसरीचं ऐकायला बसल्यास ती बाई ऐकत नाही, स्वतःशीच भांडत राहते.

पुलपिटावरून एक वाक्य

ती तुमच्याकडे येईल की नाही, हे बहुतेक वेळा एखाद्या रविवारी पाळक जे सहज बोलून गेले त्यावर ठरतं. 'आजकालच्या बायका पोटातली लेकरं मारतात आणि वर चर्चला येतात' हे वाक्य मी ऐकलेलं आहे, आणि ते ऐकताना कोणाची मान खाली गेली तेही पाहिलेलं आहे. पाळकांना ती दिसली नाही, ते टिपणं बघत होते.

त्याऐवजी वर्षातून दोन-तीनदा, दुसऱ्याच विषयावरच्या प्रवचनात, ओघात असं बोला: "आपल्यामध्ये कुणी आपलं बाळ गमावलं असेल, पोटात असताना किंवा नंतर, कोणत्याही कारणाने, तर या मंडळीत तुम्हाला जागा आहे. बोलावंसं वाटलं तर अमुक बहिणीला भेटा. कारण कुणी विचारणार नाही." 'कोणत्याही कारणाने' हे दोन शब्द ती बरोबर ऐकते. अख्खं प्रवचन या विषयावर करू नका. लोक आजूबाजूला पाहू लागतात.

स्तोत्र १३९ जपून वापरा. आईच्या उदरात तू मला घडवलंस, ही ओळ तिला पाठ असते आणि रात्री तीच टोचते. ते वाचाल तेव्हा सुरुवातीपासून वाचा. तुझ्यापासून मी कोठे पळू, अधोलोकात अंथरूण केलं तरी तू तिथे आहेस, हाही त्याच स्तोत्राचा भाग आहे. आणि मे महिन्यात मातृदिनाला सगळ्या आयांना उभं करून गुलाब द्यायची जी प्रथा आली आहे, ती मला मुळीच पटत नाही. मूल न झालेल्या, मूल गेलेल्या आणि ही, अशा सगळ्या बसून राहतात. गुलाब द्यायचेच तर दारात प्रत्येक बाईला द्या.

पहिली भेट

बायबलातल्या, संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. पुढे ते वाटेल ते बोलले, पण आधी सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याशेजारी गप्प बसले होते. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. पहिल्या भेटीत आपलं काम तेच. तिला पाणी द्या. बोलू द्या. मध्येच थांबली तर थांबू द्या. प्रश्न विचारून गोष्ट पुढे ढकलू नका. कितवा महिना होता, कुठल्या डॉक्टरकडे गेलीस, मूल कुणाचं होतं, हे सगळं आपलं कुतूहल असतं, तिची गरज नसते.

तिचेच शब्द वापरा. ती 'बाळ' म्हणाली तर बाळ म्हणा, 'तेव्हाचं ते' म्हणाली तर तेच म्हणा. शब्द दुरुस्त करणं हा वाद घालण्याचाच प्रकार आहे.

काय बोलावं? फार नाही. "तू हे इतकी वर्षं एकटीने सांभाळलंस." "मला सांगितलंस, बरं केलंस." "त्या वेळी तुझ्याजवळ कोण होतं?" हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो. बहुतेकदा उत्तर येतं, "कुणी नाही," आणि मग खरं रडणं सुरू होतं.

काय बोलू नये ते जास्त आहे. 'देव क्षमा करतो, आता विसरून जा.' दोन्ही अर्धी वाक्यं घाईची आहेत. 'अजून लेकरं आहेत ना तुला?' 'देवाची योजना होती.' 'म्हणूनच पुढे तुला दिवस राहिले नाहीत.' हे शेवटचं वाक्य बोलायची जीभ कशी होते कळत नाही, पण होते, आणि आपल्या घरांत होते. सुरक्षितपणे केलेल्या गर्भपाताने पुढे मूल होत नाही, असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही, आणि नंतरचं आजारपण, नवऱ्याची नोकरी जाणं, मुलाचं नापास होणं ही त्याची शिक्षा आहे असं पवित्र शास्त्रही म्हणत नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच हिशेब विचारला होता, कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी. प्रभूने तो हिशेबच मोडीत काढला.

प्रार्थना करायची तर विचारून करा, छोटी करा, आणि प्रार्थनेतून तिला उपदेश करू नका. आपल्याला ही खोड आहे. डोळे मिटून देवाशी बोलतो असं दाखवत समोरच्याला सुनावतो. निघताना पुढच्या भेटीचा दिवस ठरवा. पहिल्यांदा मन उघडलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी शरम वाटते, आता ही मला कशी बघेल असं वाटतं. त्या रविवारी तुम्ही तिच्याकडे नेहमीसारखंच हसणं हे निम्मं काम आहे.

दोष, दुःख आणि राग वेगळे करा

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून हळूहळू कळतं की तिच्या मनात एक नाही, तीन गोष्टी गुंतल्या आहेत, आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. ज्या बाईला फरफटत नेलं गेलं, तिच्यापुढे लगेच पश्चात्तापाचं स्तोत्र ५१ ठेवणं अन्याय आहे. तिला आधी हागार द्या. मालकाने वापरलेली, मालकिणीने छळलेली, रानात एकटी पळालेली गर्भार दासी, आणि देवदूत तिला नावाने हाक मारून विचारतो, तू कुठून आलीस, कुठे जातेस. देवाला नाव देणारी बायबलातली ती पहिलीच व्यक्ती. ते नाव म्हणजे मला पाहणारा देव. व्यंगामुळे बाळ सोडावं लागलेल्या आईला मुख्यतः शोक असतो. तिला विलापाची स्तोत्रं द्या आणि सल्ले देऊ नका. आणि जी स्वतः म्हणते, "ठरवलं मीच होतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती, आणि ते मला खातंय," तिला 'तुझा काय दोष' म्हणून गप्प करू नका. तिला कबुली द्यायची आहे. तिचा तो मान राखा.

कॅथलिक बहिणीला पापनिवेदनाची वाट आहे. यासाठी खुद्द बिशपांपर्यंत जावं लागतं, असा समज काहींच्या मनात अजून असतो. पोप फ्रान्सिस यांनी दयेच्या वर्षासाठी दिलेली मुभा २० नोव्हेंबर २०१६ च्या पत्राने कायमची केली, तेव्हापासून जगातला कुठलाही धर्मगुरू या पापाची क्षमा देऊ शकतो. ओळखीच्या फादरकडे जायला लाज वाटत असेल तर शेजारच्या धर्मग्रामात जा, हे तिला सांगा. प्रॉटेस्टंट मंडळीत पाळक, ती आणि सोबतची बहीण अशा तिघांनी शांतपणे बसावं. तिने आपल्या शब्दांत बोलावं, १ योहान १:९ (पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो) वाचावं, पाळकांनी क्षमेची घोषणा मोठ्याने करावी. मोठ्याने, कारण हे वाक्य तिने आजवर स्वतःच्या मनातच म्हणून पाहिलेलं असतं आणि ते टिकलेलं नसतं. एकदा हे झालं की दर महिन्याला पुन्हा कबूल करायला लावू नका.

काही मंडळ्यांत अजून शिस्त म्हणून प्रभुभोजनापासून दूर ठेवतात. वर्षानुवर्षं मनात जळलेल्या बाईला पंगतीतून उठवणं, तेही सगळ्यांदेखत, याला मी शिस्त म्हणणार नाही.

आपल्या वारशात याचं उत्तर आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथलं आपलं घर दाखवलं. समाजाने 'बिघडलेल्या' ठरवलेल्या बायकांना तिथे प्रेमाने ठेवलेलं होतं. रमाबाईंना नवल वाटलं, त्यांनी कारण विचारलं, आणि सिस्टरने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, योहान ४. ख्रिस्ताकडे त्यांचं मन वळण्यात या भेटीचा वाटा होता, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. पाळकांना पटवायला तुम्हाला दाखला लागणार असेल, तर एवढा जवळचा दुसरा सापडणार नाही.

कबर नसलेलं दुःख

या दुःखाला मातीच मिळालेली नसते. प्रेतयात्रा नाही, दफनविधी नाही, वर्षश्राद्धासारखी चर्चमधली आठवणीची प्रार्थना नाही. कॅलेंडरवरच्या दोन तारखा तेवढ्या असतात, त्या दिवसाची आणि जन्म झाला असता त्या महिन्याची. त्या दोन तारखा निवडलेल्या बहिणीने लक्षात ठेवाव्यात, कुठेही न लिहिता. त्या आठवड्यात एक फोन पुरतो.

काहींना बाळाला नाव द्यावंसं वाटतं, पत्र लिहावंसं वाटतं, काहींना अजिबात वाटत नाही. सुचवा, लादू नका. आणि सर्वांत सोपं, कुणालाही उघडं न पाडणारं काम मंडळी करू शकते. वर्षातून एकदा, न जन्मलेल्या आणि जन्मून गेलेल्या लेकरांसाठी छोटी उपासना ठेवा. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी आपली माणसं कबरस्तानात मेणबत्त्या लावायला जातातच, त्याच्या आसपास ठेवा. आपोआप गर्भ गेलेली, मृत बाळ जन्मलेली, तान्हं बाळ दगावलेली आणि ही, चौघी एकाच रांगेत मेणबत्ती लावतात. कोण कशासाठी आली हे कुणाला कळत नाही. नावं पुकारू नका, फोटो काढू नका, फेसबुकवर टाकू नका.

नवरा, सासू, आई

पुरुष या विषयात येतच नाही, आणि आला तर रागवायला येतो. पण कित्येक नवऱ्यांनी 'आत्ता नको' म्हटलेलं असतं आणि पंधरा वर्षांनी तेच वाक्य त्यांना गिळता येत नसतं. काहींना कुणी विचारलेलंच नसतं, त्यांना नंतर कळलेलं असतं. ऐकायला निवडलेल्या तिघांतला पुरुष त्यांच्यासाठी. त्याने चहाला न्यावं, गाडीवरून जाताना बोलावं. समोरासमोर खुर्च्या टाकल्या की पुरुष बोलत नाहीत. नवराबायकोला एकत्र बसवायचं ते तिची इच्छा असेल तरच. नवऱ्याला माहीत नसेल तर 'त्याला सांगून टाक' असा आग्रह धरू नका. त्यानंतर घरात जे होईल ते तुम्ही भोगणार नसता.

जिथे मुलगी आहे म्हणून पाडायला लावलं, तिथे बोट सुनेकडे जाता कामा नये. लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, तरी २००१ ते २०११ मध्ये राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुलींची संख्या ९१३ वरून ८९४ वर आली. केंद्राचा कायदासुद्धा गृहीत धरतो की बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला. मंडळी कायद्यापेक्षा कडक का असावी? अशा घरातल्या सासूशी बोलायचं काम वडीलधाऱ्या बाईनेच करावं, आणि वेगळं करावं. सासूच्या पोटातही अशीच जुनी गोष्ट कधी कधी असते.

डॉक्टरांचं काम डॉक्टरांना

अलीकडेच गोळ्या घेतलेली किंवा क्युरेटिंग केलेली बाई तुमच्याकडे आली तर बायबल उघडण्याआधी तब्येत विचारा. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठी पॅडं भिजतील इतका रक्तस्राव, ताप, पोटात असह्य दुखणं, घाण वासाचा स्राव, चक्कर, यांतलं काहीही असेल तर त्याच क्षणी दवाखाना. रिक्षा तुम्ही बोलवा, सोबत जा.

मनाच्या बाबतीत: दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण उडालेलं, कामात लक्ष नाही, लहान बाळ बघितलं की छातीत धडधड, दारू किंवा झोपेच्या गोळ्या, 'मी नसलेलीच बरी' अशी वाक्यं. ही मानसोपचारतज्ज्ञाची गोष्ट आहे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं. तिच्या अंगात काही आहे म्हणून रात्रभर हात ठेवून ओरडत प्रार्थना करणं, 'विश्वास असेल तर गोळ्या बंद कर' म्हणणं, हे मंडळीत होऊ देऊ नका. जीव जाऊ शकतो. 'तू जीव द्यायचा विचार करतेस का?' असं थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असेल तर बाहेर येतो.

गट आणि साक्ष

अमेरिकेत मिलवॉकी इथे १९८४ मध्ये कॅथलिक मंडळीने याच कामासाठी प्रोजेक्ट रेचेल सुरू केला. बायबलच्या यिर्मया पुस्तकातली, लेकरांसाठी रडताना सांत्वन नाकारणारी राहेल त्याच्या नावात आहे. तसे गट, शिबिरं इथेही करता येतात, पण घाई नको. एकमेकींना ओळखत नसलेल्या बायका छोट्या गावात मिळत नाहीत. दोन-तीन मंडळ्यांनी मिळून, दुसऱ्या शहरात, तिघी-चौघींचा गट केला तर चालतो. नाहीतर एकीला एक बहीण पुरेशी आहे.

आणि साक्ष. तिचं मन थोडं हलकं झालं की कुणीतरी उत्साही पंच म्हणतोच, "ताई, पुढच्या कन्व्हेन्शनमध्ये साक्ष द्या, किती आशीर्वाद होईल!" निदान दोन वर्षं हा विषय काढू नका. तिने स्वतः काढला तरी विचारा, नवऱ्याला, मुलांना, माहेरच्यांना माहीत आहे का? कन्व्हेन्शनची साक्ष हल्ली यूट्यूबवर जाते आणि तिथून परत येत नाही.

तिला काम हवं असतं, माइक नको असतो. आमच्याकडे एकीने सहा महिन्यांच्या बोलण्यानंतर विचारलं, "मी संडे स्कूलला शिकवू शकते का? मला अधिकार आहे का?" आम्ही तिला बालवाडीच्या वर्गाची हजेरीची वही दिली. पुढच्या रविवारी साडेआठलाच येऊन ती सतरंजी झटकत होती.